शेरलॉक होम्सचें माहेर

विलायतेस गेलेला आपल्याकडील वाचक लंडनांत पाऊल ठेवतांच बेकर स्ट्रीटची वाट विचारूं लागतो. आम्हींही तेंच केलें. त्या रस्त्यावरील एका जुन्या घरास '२२१ ब' अशी पाटी लावलेली असून आंत होम्सची खुर्ची, त्याचें व्हायोलिन, चिलीम, भिंग हें सारें, तो जणूं आतांच बाहेर गेला आहे अशा थाटांत मांडून ठेविलें आहे. दाराशीं तिकिटासाठीं रांग लागते. गंमत ही कीं, सर आर्थर कॉनन डॉयल यांनीं हा पत्ता आपल्या कथेंत घातला तेव्हां बेकर स्ट्रीटवरील घरांचे क्रमांक २२१ पर्यंत पोंचलेच नव्हते. म्हणजे जो पुरुष कधीं जन्मला नाहीं, त्याचें जें घर कधीं नव्हतें, तें पाहण्यास लोक दाम मोजून उभे! अत्यंत असत् वस्तूचीं म्हणून आमच्या शास्त्रकारांनीं जीं उदाहरणें दिलीं आहेत, त्यांत वंध्यापुत्र आणि शशशृंग यांच्या पंक्तीस हें घर बसवावें, असें क्षणभर मनांत आलें.

परंतु होम्स हा वंध्यापुत्र नव्हे. तो मानसपुत्र आहे, आणि मानसपुत्रालाही कुलगोत्र असतें. त्याचें बिऱ्हाड लंडनांत असलें तरी माहेर मात्र सुमारें ४०० मैल उत्तरेस, स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं आहे. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त त्याच शहरांत राहत असल्यामुळें तें माहेर सावकाश पाहण्याचा योग आला. तेथें जें पाहिलें, आणि पाहतां पाहतां स्वतःविषयीं जें आठवलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

एडिंबरो हें टेकड्यांवर वसलेलें शहर. मध्यभागीं काळ्या खडकावर किल्ला, त्याच्या पूर्वेस उतरत गेलेली जुनी वस्ती, आणि उत्तरेस अठराव्या शतकांत आंखून वसविलेलें नवें शहर. जुन्या इमारतींचा दगड जागोजाग काळवंडलेला दिसतो. पूर्वीं येथें घरोघर दगडी कोळसा जळत असे आणि त्या धुरावरूनच शहरास 'म्हातारी धुरकट' अशा अर्थाचें टोपणनांव पडलें होतें. न्यायशास्त्राच्या पहिल्याच पाठांत धुरावरून अग्नीचें अनुमान करावयास शिकलेल्या आम्हांस येथें अग्नि गेला, धूरही गेला, आणि उरल्या काजळीवरून दोहोंचें अनुमान करावें लागलें. होम्सच्या माहेरीं प्रवेश करतांना याहून शुभ शकुन तो कोणता?

प्रथम पिकार्डी प्लेस येथें गेलों. येथील ११ क्रमांकाच्या घरीं २२ मे १८५९ रोजीं डॉयल यांचा जन्म झाला. तें घर आतां उरलेलें नाहीं. त्या जागेनजीक एक पुतळा उभा आहे. पण तो डॉयल यांचा नव्हे, शेरलॉक होम्सचा! इ. स. १९९१ मध्यें बसविलेला हा पुतळा ट्रामच्या कामासाठीं मध्यंतरीं हलविण्यांत आला होता. तो पुन्हां तेथें आला आहे. आमच्या सूनबाई सोबत होत्या. त्या हंसून म्हणाल्या, "मामंजी, लेकाचें नांव बापाहून मोठें झालें तर बापाला आनंदच व्हावा, नाहीं कां?" व्हावा खरा; पण डॉयल यांना तो झाला नाहीं. होम्सच्या गलबल्यांत आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांकडे कोणी पाहत नाहीं, या वैतागानें त्यांनीं डिसेंबर १८९३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या कथेंत त्याला स्वित्झर्लंडमधील एका धबधब्यांत लोटून दिलें, आणि १९०३ मध्यें वाचकांच्या मागणीपुढें मान तुकवून त्याला परत आणलें. अशा रीतीनें १९२७ पर्यंत ४ कादंबऱ्या आणि ५६ लघुकथा होम्सवर लिहून झाल्या.

या घरचें जीवन सुखाचें नव्हतें. वडील चार्ल्स डॉयल हे सरकारी खात्यांत नोकरीस व हाताचे चांगले चित्रकार. परंतु मद्यानें त्यांचा घात केला आणि अखेरचीं वर्षें वेड्यांच्या रुग्णालयांत गेलीं. संसार ओढला तो आई मेरी यांनीं. त्या मुलांना गोष्टी फार रंगवून सांगत. आपल्यांतील कथालेखक तेथें जन्मला, असें डॉयल पुढें सांगत. गोष्ट सांगण्याची विद्या अशी मातेकडून आली. आतां प्रश्न उरला तो गोष्टींतील पुरुषाचा.

त्याच्या शोधार्थ दुसरे दिवशीं निकोल्सन स्ट्रीटवरील सर्जन्स हॉल पाहिला. भव्य स्तंभांची ही १८३२ सालची इमारत शस्त्रवैद्यांच्या संस्थेची असून आंत वैद्यकाचें वस्तुसंग्रहालय आहे. त्यांत डॉ. जोसेफ बेल आणि त्यांचे शिष्य डॉयल यांच्या आठवणी जपून ठेविल्या आहेत. बेल (१८३७–१९११) हे पिढीजात शस्त्रवैद्य. १८८७ ते १८८९ या काळांत ते याच संस्थेचे अध्यक्ष होते. आणि योगायोग असा कीं, होम्सची पहिली कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट' ही प्रसिद्ध झाली तीही १८८७ सालींच.

डॉयल १८७६ मध्यें एडिंबरो विद्यापीठांत वैद्यक शिकूं लागले. पुढें बेल यांनीं त्यांना रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयांत आपल्या हाताखालीं कारकून म्हणून नेमलें. बाहेर तिष्ठत बसलेल्या रुग्णांस प्रश्न विचारावयाचे, टिपणें करावयाचीं आणि एकेकास आंत गुरुजींपुढें न्यावयाचें, हें त्यांचें काम. गुरुजी विद्यार्थ्यांच्या गराड्यांत बसलेले. सडपातळ बांधा, धारदार नाक, भेदक करडे डोळे. आणि डॉयल यांस वारंवार असा अनुभव येई कीं, आपण प्रश्न विचारविचारून जें मिळविलें त्याहून अधिक गुरुजींनीं नुसत्या दृष्टिक्षेपांत ओळखलें आहे.

त्यांतील एक प्रसंग डॉयल यांनीं आपल्या १९२४ च्या आत्मचरित्रांत नमूद केला आहे. एक साधा नागरिक आंत आला. बेल यांनीं पाहतांच सांगितलें कीं, हा पलटणींत होता, नुकताच सुटून आला आहे, पलटण स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांतील, हुद्दा लहान अंमलदाराचा, आणि मुक्काम वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर होता. त्या मनुष्यानें प्रत्येक गोष्टीस होकार दिला. विद्यार्थी थक्क! मग गुरुजींनीं उलगडा केला. मनुष्य अदबशीर, तरी त्यानें टोपी काढली नाहीं. लष्करांत ती काढीत नाहींत, आणि सुटून फार दिवस झाले असते तर नागरी रीत अंगवळणीं पडली असती. चेहऱ्यावर हुकमत आहे आणि तो स्कॉच आहे हें उघड दिसतें. राहिलें बार्बाडोस, तर त्याला झालेला रोग हत्तीपायाचा, तो ब्रिटनचा नव्हे, वेस्ट इंडीजचा. हत्तीपाय म्हणजे काय हें कोंकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. त्यांनीं तो पाय पाहतांच मनुष्याचें गांव विचारलें असतें.

दुसरी एक गोष्ट बेल यांचे विद्यार्थी सांगत. एक बाई लहान मुलाला घेऊन आली. तिच्या बोलण्यावरून ती समुद्राच्या खाडीपलीकडील फाइफ परगण्यांतील आहे हें कळलें. जोड्यांच्या कडेला लागलेल्या तांबड्या मातीवरून ती वनस्पतिउद्यानाच्या बाजूनें आली हें कळलें. हातांतील कोट कडेवरच्या मुलाला मोठा होता, त्यावरून थोरलें मूल वाटेंत कोणाकडे ठेविलें हें कळलें. आणि बोटांवरील त्वचारोगावरून ती लिनोलियमच्या कारखान्यांत काम करते हेंही कळलें. येथें थोडें थांबून पाहावें. त्या बाईच्या दारिद्र्याकडे, कष्टाकडे आणि दोन लेंकरांच्या ओढाताणीकडे त्या सकाळीं कोणी नीट पाहिलें असेल तर तें या एका वैद्यानें.

ज्या रस्त्यावर तें जुनें रुग्णालय होतें त्याला अजूनही इन्फर्मरी स्ट्रीट म्हणतात. रुग्णालय मात्र १८७९ मध्यें लॉरिस्टन प्लेस येथें आणि २००३ मध्यें शहराच्या कडेला गेलें. आम्ही त्या रस्त्यावर हिंडत असतां होम्स आणि वॉटसन यांची पहिली भेट आठवली. डॉ. वॉटसन हा लष्करी वैद्य मुंबई बंदरांत उतरून अफगाणिस्तानांत गेलेला, १८८० मध्यें मैवंदच्या लढाईंत जखमी होऊन परतलेला. होम्स त्याला पाहतांच अफगाणिस्तानचें नांव घेतो. कारण वैद्यकी वळण, लष्करी ताठा, उन्हानें रापलेला चेहरा पण मनगट गोरें, आजारानें ओढलेली मुद्रा आणि अवघडलेला हात. बार्बाडोसचा शिपाई आणि मैवंदचा वैद्य यांत सांचा एकच आहे! १८८६ मध्यें साउथसी येथें, रुग्णांची वाट पाहत बसलेल्या तरुण डॉयल यांनीं ही कादंबरी लिहिली आणि अवघ्या २५ पौंडांस तिचे सर्व हक्क विकले. परंतु तींतील ओतीव काम एडिंबरोच्या रुग्णालयांत झालेलें होतें.

घरीं आल्यावर सूनबाईंनीं शंका काढली. "मामंजी, पण त्यांनीं पुस्तकांतून कांहींच घेतलें नाहीं कां?" शंका रास्त होती. घेतलें, आणि तें डॉयल यांनीं कधीं लपविलें नाहीं. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यानें १८४१ मध्यें द्युपँ नांवाचा पॅरिसचा बुद्धिमान एकांतप्रिय गृहस्थ निर्माण केला. त्याच्या बुद्धीनें चकित होणारा एक साधा मित्र त्याच्या गोष्टी सांगतो. होम्स-वॉटसन ही जोडी येथून आली. फ्रेंच लेखक गाबोरियो याचा लकोक हा पोलीस डिटेक्टिव्ह १८६६ पासून पुढें आला. पाउलखुणा आणि राख तपासण्याचा व्यासंग त्याच्याकडचा. पहिल्याच कादंबरीत होम्स या दोघांचीही टवाळी करतो. पण ती पात्राची घमेंड आहे, लेखकाची नव्हे. पो याचें ऋण डॉयल यांनीं मोकळेपणीं मान्य केलें आहे.

याच्याही मागें गेलें तर वंशवृक्ष आपल्या अंगणांत येतो. हरवलेल्या उंटाची गोष्ट पुष्कळांनीं लहानपणीं ऐकली असेल. उंट न पाहतांच प्रवासी सांगतात कीं, तो एका डोळ्यानें आंधळा होता, कारण वाटेच्या एकाच बाजूचें गवत खाल्लेलें आहे. लंगडा होता, कारण एक पाय ओढल्याची खूण आहे. आणि त्याचा एक दांत पडलेला होता, कारण चघळलेल्या गवताचे बोळे मध्यें निसटून पडले आहेत. ही गोष्ट दिल्लीच्या अमीर खुस्रौ यानें चौदाव्या शतकाच्या आरंभीं 'हश्त बिहिश्त' या फारसी काव्यांत गुंफली. १५५७ मध्यें सरंदीपच्या, म्हणजे सिंहलद्वीपाच्या, तीन राजपुत्रांची कथा म्हणून ती व्हेनिस येथें इटालियन भाषेंत छापली गेली. आणि अठराव्या शतकांत व्होल्तेर यानें 'झादिग' या आपल्या कथेंत उंटाच्या जागीं कुत्री आणि घोडा आणून तीच युक्ति योजिली. पुढें १८८० मध्यें हक्स्ले या शास्त्रज्ञानें याच झादिगच्या पद्धतीवर व्याख्यान देऊन, लुप्त प्राण्यांचें शास्त्र हें अशाच अनुमानावर उभें आहे, असें दाखविलें. डॉयल त्या वेळीं वैद्यकाचे विद्यार्थी होते.

संस्कृत पढलेल्यास येथें गौतमांचें न्यायसूत्र आठवल्यावांचून कसें राहील? त्यांनीं अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले. भाष्यकार वात्स्यायनांनीं शेषवत् याचे दोन अर्थ दिले आहेत. एक, कार्यावरून कारण ओळखणें: नदी दुथडी गढूळ वाहत असेल तर वरच्या अंगास पाऊस झाला असला पाहिजे. दुसरा, परिशेष: जें जें संभवनीय दिसतें त्याचा एकेक करून निषेध केला म्हणजे जें उरेल तें मानावयाचें. होम्सची सारी विद्या या दोन अर्थांत बसते! अर्थात् डॉयल यांनीं न्यायसूत्रें वाचलीं असें आमचें म्हणणें नाहीं. बुद्धि जेथें प्रामाणिकपणें चालते तेथें पायवाटा सारख्याच पडतात, इतकेंच.

आणि न्यायशास्त्रानें हेत्वाभासही सांगून ठेविले आहेत, तेंही विसरूं नये. बेल यांचीच अशी एक गोष्ट सांगतात कीं, एका रुग्णाच्या गालांचे स्नायु पाहून हा बँडांत तोंडानें फुंकावयाचें वाद्य वाजवितो, असें त्यांनीं विद्यार्थ्यांपुढें सिद्ध केलें, आणि कोणतें वाद्य म्हणून विचारतां तो म्हणाला, मोठा ढोल! ही फजिती गुरुजी स्वतःच हंसत सांगत, असें म्हणतात. होम्स क्वचित् चुकतो. बेल चुकत, आणि चूक विद्यार्थ्यांपासून लपवीत नसत. आमच्या दृष्टीनें गुरु मोठा ठरतो तो येथें.

तिसरे दिवशीं मेलव्हिल क्रेसेंट येथें बेल यांचें २ क्रमांकाचें घर पाहिलें. आम्ही गेलों तेव्हां तेथें जपान सरकारची वकिलात होती. बाहेर बेल यांच्या नांवाची पाटी आहे. ती त्यांच्या मृत्यूस शंभर वर्षें झाल्यानिमित्त, २०११ मध्यें, जपानमधील होम्सप्रेमी मंडळींनीं बसविली. १८९२ च्या मे महिन्यांत डॉयल यांनीं याच गुरुजींस पत्र लिहून होम्स हा निःसंशय आपलाच आहे असें कळविलें, आणि त्याच वर्षीं निघालेला पहिला कथासंग्रह त्यांना या पत्त्यासकट अर्पण केला. पुढील वर्षीं प्रशांत महासागरांतील सामोआ बेटावर आजारी असलेल्या स्टीव्हन्सनच्या हातीं त्या कथा पडल्या. तोही एडिंबरोचाच. त्यानें डॉयल यांस पत्रानें विचारलें कीं, हा आपला जुना मित्र ज्यो बेल तर नव्हे? बिंब न दाखवितां प्रतिबिंबावरून पटलेली ही ओळख पाहून गुरुजींस खचित मौज वाटली असेल. परंतु त्यांनीं श्रेयाचा मोठा वांटा शिष्याच्या प्रतिभेलाच दिला.

विद्येची मर्यादाही या शहरानें लवकरच पाहिली. ऑगस्ट १८९३ मध्यें आर्डलॅमाँट येथें शिकारीच्या वेळीं सेसिल हँब्रो हा तरुण गोळी लागून मेला. त्याचा शिक्षक मॉन्सन याच्यावर एडिंबरोच्या न्यायालयांत खटला झाला. बेल आणि पोलिसांचे वैद्य सर हेन्री लिटलजॉन या दोघांनीं, हा अपघात नव्हे, अशी साक्ष दिली. ज्यूरीनें मात्र 'सिद्ध झालें नाहीं' असा स्कॉटलंडच्या तत्कालीन कायद्यांतील मधला निर्णय दिला आणि मॉन्सन सुटला. महिना होता डिसेंबर १८९३. ज्या महिन्यांत कथेंतला होम्स धबधब्यांत पडला तोच! कथेंत अनुमान आणि निकाल एकच असतात. न्यायालयांत त्या दोहोंमध्यें बारा अनोळखी माणसें नाहीं तर पंधरा बसलेलीं असतात, कारण स्कॉटलंडची फौजदारी ज्यूरी पंधरा जणांची.

मग या विद्येचा जगाला उपयोग काय झाला? याचें उत्तर देणारी हकीकत आपल्या मुंबईशीं जोडलेली आहे. शापुरजी एदलजी हे मुंबईचे पारशी गृहस्थ ख्रिस्ती होऊन इंग्लंडांत गेले आणि १८७६ पासून स्टॅफर्डशायरमधील ग्रेट वर्ली येथें धर्मोपदेशक झाले. त्यांचा मुलगा जॉर्ज वकील झाला. गांवांत निनावी, द्वेषानें भरलेलीं पत्रें येऊं लागलीं; १९०३ मध्यें रात्रीं कोणी जनावरांस भोसकूं लागलें; आणि त्याचा आळ जॉर्जवर घेऊन त्याला ७ वर्षांची सक्तमजुरी देण्यांत आली. ३ वर्षांनीं त्याला सोडलें, पण निर्दोष ठरविलें नाहीं. डॉयल त्याला भेटावयास लंडनमधील एका हॉटेलांत गेले. तो वर्तमानपत्र वाचीत बसला होता. कागद डोळ्यांशीं अगदीं भिडविलेला आणि किंचित् तिरपा. डॉयल यांनीं दुरूनच ओळखलें: याची दृष्टि अत्यंत अधू आहे, हा मनुष्य अंधाऱ्या रात्रीं शेतें आणि रुळ ओलांडून जनावराच्या अंगावर सुरी चालवील हें घडण्यासारखें नाहीं. जानेवारी १९०७ मध्यें त्यांनीं 'डेली टेलिग्राफ' पत्रांत लेख लिहून देश हालवून सोडला. त्याच मे महिन्यांत जॉर्जला त्या गुन्ह्याबद्दल माफी मिळाली, पुढें वकिलीही परत मिळाली. नुकसानभरपाई मात्र मिळाली नाहीं. इंग्लंडांत फौजदारी अपिलाचें न्यायालय स्थापन करणारा कायदा त्याच वर्षीं झाला, त्याला या प्रकरणाचाही हातभार लागला.

इन्फर्मरींत गुरुजींच्या खुर्चीमागें उभा राहून जो पाहावयास शिकला, त्यानें तें ऋण असें फेडलें.

ही हकीकत आम्हीं अनेक वर्षें वर्गांत मोठ्या आवेशानें सांगितली. ती आमच्यावरच उलटली तो प्रसंग सांगून टाकतों. एक मुलगा शेवटच्या बांकावर बसे. फळ्यावरील गणित उतरवितांना तिनाचें आठ आणि एकाचें सात करी. आम्ही त्याला आळशी म्हणत होतों. एकदोनदां छडीही मारली. तो पाटी नाकाशीं धरी, डोळे बारीक करी, पावसाळी अंधेऱ्या दिवशीं हमखास चुके. सारीं लिंगें डोळ्यांपुढें होतीं. दोन वर्षांनीं त्याला चष्मा लागला आणि पहिल्याच दिवशीं त्यानें आम्हांस हळूच विचारलें, "गुरुजी, फळ्यावर रेघा आंखलेल्या असतात होय?" एदलजीची गोष्ट त्याच्याच वर्गांत सांगितलेली होती! डॉयल यांना एका क्षणांत जें दिसलें तें आम्हांस दोन वर्षांत दिसलें नाहीं. पाहत होतों आम्ही फळा, घड्याळ आणि अभ्यासक्रम. मुलाकडे पाहिलेंच नव्हतें.

शेवटच्या दिवशीं डीन स्मशानभूमींत गेलों. बेल यांची समाधि तेथें आहे. पाऊस भुरभुरत होता. सूनबाई छत्री धरून होत्या. आम्हीं उभ्यानेंच नमस्कार केला. हेर म्हणून नव्हे. रुग्णाला प्रश्न विचारण्यापूर्वीं त्याच्याकडे नीट पाहणारा एक शिक्षक म्हणून.

त्या रात्रीं घरीं बसून आम्हीं त्या विद्यार्थ्यास पत्र लिहिलें. तो आतां एका पेढीवर हिशेब पाहतो, आणि भेटला म्हणजे अजून वाकून नमस्कार करतो. छडीचा विषय आमच्यांत कधीं निघाला नव्हता. तो पत्रांत काढला आणि क्षमा मागितली. अक्षर मुद्दाम मोठें काढलें.